पाहुण्यांचे शहर, मुलांचे शहर

शहराची सुबत्ता मोजण्यासाठी अर्थशास्त्राने पुष्कळ मापे तयार केली आहेत. दरडोई उत्पन्न, बेकारीचे प्रमाण, घरभाड्याचा निर्देशांक, गुंतवणुकीचा ओघ ही त्यांतील काही. ही मापे उपयुक्त आहेत यात शंका नाही. पण ती सर्व प्रौढांची मापे आहेत. कमावणारा, खर्च करणारा, कर भरणारा आणि मत देणारा नागरिक त्यांच्या केंद्रस्थानी असतो. मूल यांपैकी काहीच करीत नाही. ते शहराचा केवळ उपयोग करते. रस्ता ओलांडते, तहान लागली की पाणी मागते, दमले की बसकण मारते आणि मोकळी जागा दिसली की धावत सुटते. या चार साध्या गरजा जे शहर खिशात हात घालायला न लावता भागवते, त्याची सार्वजनिक व्यवस्था मुळात सुदृढ आहे असे मानायला हरकत नाही.

भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले बार्सिलोना हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे शहर आहे. २०२५ च्या मे महिन्यात एका परिसंवादाच्या निमित्ताने तेथे जाण्याचा योग आला. शाळांना सुट्टी होती. त्यामुळे बारा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा यांच्यासह आम्ही चौघे तेथे दहा दिवस राहिलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा येथे हेतू नाही. तशी वर्णने मराठीत उदंड आहेत. मुलांचा हात धरून हिंडताना जो प्रश्न पुनःपुन्हा समोर येत राहिला, त्याची चर्चा करावी एवढाच उद्देश आहे. या शहराची लोकसंख्या सुमारे १७ लाख. आणि २०२४ या एका वर्षात तेथे मुक्कामाला आलेले पर्यटक दीड कोटीहून अधिक. पर्यटनातून शहराच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे १२ ते १४ टक्के भाग येतो असे मानले जाते. म्हणजे पाहुणे नकोत म्हणावे तर पोटावर पाय, आणि हवेत म्हणावे तर घरात पाय ठेवायला जागा नाही. अशा शहरात चौकातल्या घसरगुंडीवर, टेकडीवर जाणाऱ्या लहान बसवर आणि दोन खोल्यांच्या सदनिकेवर पहिला हक्क कोणाचा? तेथे राहणाऱ्या मुलाचा, की तिकीट काढून आलेल्या मुलाचा?

सेर्दाचे गणित

बार्सिलोनाच्या नकाशाकडे पाहिले तर जुन्या गावाच्या वेड्यावाकड्या गल्ल्यांभोवती बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटींची रचना दिसते. हा भाग म्हणजे एशाम्प्ला, अर्थात विस्तारित शहर. त्याचा आराखडा इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ मध्ये केला. तोपर्यंत हे शहर तटबंदीत कोंडलेले होते. तटाच्या आत माणसांची एवढी दाटी होती की पटकीच्या साथी नेहमीच्याच झाल्या होत्या. १८५४ मध्ये तट पाडण्यास प्रारंभ झाला. सेर्दाने आराखडा करण्यापूर्वी कामगारांच्या राहणीची आकडेवारी घरोघर फिरून गोळा केली आणि श्रीमंताचे सरासरी आयुर्मान ३६ वर्षे, तर मजुराचे अवघे २३ वर्षे असल्याचे दाखवून दिले. या सरासरीत बालमृत्यूंचा वाटा किती मोठा असेल, हे सांगण्यासाठी लोकसंख्याशास्त्र शिकलेले असण्याची गरज नाही. सेर्दाच्या आराखड्याचा पाया असा मुलांच्या मरणाच्या आकड्यांवर उभा आहे.

त्याचा उपाय साधा होता. सुमारे ११३ मीटर लांबी-रुंदीचे चौरस घ्यायचे, त्यांचे कोपरे तिरके कापायचे म्हणजे प्रत्येक नाक्यावर एक छोटे मैदान तयार होते. रस्ते किमान २० मीटर रुंद ठेवायचे, त्यांतले निम्मे पायी चालणाऱ्यांना द्यायचे. आणि चौरसाच्या दोनच बाजूंना इमारती बांधून मधली जागा बागेसाठी मोकळी सोडायची. हवा, ऊन आणि झाड यांची वाटणी श्रीमंत-गरीब न पाहता सारखी करण्याचा हा प्रयत्न होता. पुढे काय झाले ते आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. जमीनमालकांनी दोनाच्या तीन आणि तीनाच्या चार बाजू बांधून काढल्या, मधल्या बागेत गोदामे, कारखाने आणि पुढे वाहनतळ आले, मजल्यांवर मजले चढले. एका चौरसात सेर्दाने जेवढे बांधकाम गृहीत धरले होते त्याच्या चौपटीहून अधिक बांधकाम शतकभरात झाले. आराखड्याची रेषा टिकली, आशय विकला गेला.

परंतु ही कथा येथेच संपत नाही, आणि बार्सिलोनाकडून शिकण्यासारखे आहे ते हेच. १९८० नंतरच्या दशकांत नगरपालिकेने या चौरसांची पोटे एकेक करून मोकळी करायला घेतली. १८७० च्या सुमाराच्या एका जुन्या पाण्याच्या मनोऱ्याभोवतीचे अंगण असेच सार्वजनिक झाले. आता तेथे उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याचा तलाव भरतात आणि आसपासची मुले त्यात डुंबतात. बाहेरच्या रस्त्यावरून जाताना एका बोळाच्या तोंडाशी छोटी पाटी दिसते, आत गेले की एकदम झाडे, बाक आणि मुलांचा कलकलाट. पाण्याची तोटीही बहुधा जवळपास असतेच. शहरात पिण्याच्या पाण्याचे दीड हजाराहून अधिक सार्वजनिक नळ आहेत. उणीव आहे ती स्वच्छतागृहांची. लहान मूल बरोबर असलेल्या आईबापांना कॉफीच्या दुकानात शिरून, नको असलेली कॉफी घेऊन ही अडचण दूर करावी लागते. सार्वजनिक सोय नसली की तिचा खाजगी बाजार आपोआप निर्माण होतो, याचे इतके नेमके उदाहरण वर्गात सांगायला मिळणे कठीण.

किनारा बनवावा लागतो

बार्सिलोनाला जाणारे प्रत्येक कुटुंब समुद्रकिनारा गाठते. मुलांच्या लेखी गाउदीच्या सर्व इमारतींपेक्षा ओल्या वाळूतला खड्डा मोठा असतो. पण हा किनारा निसर्गाने दिला आहे ही समजूत चुकीची आहे. १९९२ च्या ऑलिंपिक सामन्यांपूर्वी या शहराने समुद्राकडे पाठ फिरवली होती. किनाऱ्यालगत कारखाने होते, रेल्वेचे रूळ होते, आणि त्याच वाळूवर सोमोरोस्त्रो नावाची झोपडपट्टी होती. ती १९६६ मध्ये जमीनदोस्त करण्यात आली. ऑलिंपिकच्या निमित्ताने रूळ हटवले गेले, गटारांची व्यवस्था बदलली, बाहेरून वाळू आणून पसरली, आणि सुमारे चार किलोमीटरचा किनारा शहराला मिळाला. आजही हिवाळी वादळे ही वाळू वाहून नेतात. २०२० च्या जानेवारीतील ग्लोरिया वादळाने केलेली हानी तेथील लोक अजून बोलून दाखवतात.

तात्पर्य असे की, ज्याला आपण फुकट म्हणतो ते क्वचितच फुकट असते. मुलाला वाळूत खेळायला पैसा पडत नाही, कारण तो कोणीतरी आधी भरलेला असतो आणि दरवर्षी भरत असतो. येथे तो बार्सिलोनाच्या करदात्याने भरला. परदेशातून आलेल्या कुटुंबाने त्याचा लाभ घ्यावा यात गैर काही नाही. फक्त लाभ घेणाऱ्याने हा हिशेब डोळ्यांआड करू नये.

तिकीट कोणाला, मोफत कोणाला

आता या शहराच्या दरपत्रकाकडे पाहू. कुटुंबासह जाणाऱ्या वाचकाला त्याचा व्यावहारिक उपयोगही होईल. पिकासो संग्रहालयात अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. राष्ट्रीय कलासंग्रहालय आणि विज्ञान-संग्रहालय येथे सोळा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. साग्रादा फामिलिया या जगप्रसिद्ध चर्चमध्ये अकरा वर्षांखालील मुले विनामूल्य जातात. पर्यटकांच्या मुक्कामावर काताल्युनियात २०१२ पासून कर आहे, पण सोळा वर्षांपर्यंतची मुले त्यातून वगळलेली आहेत. यांत स्थानिक आणि परका असा भेद नाही. मूल ते मूल. ज्ञान आणि कला यांच्या दारात मुलाला अडवायचे नाही, हे तत्त्व येथे सर्रास पाळलेले दिसते.

वाहतुकीत मात्र रेषा वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. चार वर्षांखालील मूल कोणाचेही असो, फुकट जाते. चार ते सोळा वयाच्या स्थानिक मुलांना एकदाच नोंदणी करून वर्षानुवर्षे मोफत प्रवासाचे कार्ड मिळते. पाहुण्यांच्या मुलांना पूर्ण भाडे पडते. आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांना पिकासोने फुकट आत घेतले, पण मेट्रोने प्रौढ मानले. कुटुंबांसाठी आठ फेऱ्यांचे एक सामायिक तिकीट मिळते. चौघांच्या दोन खेपांत ते संपते. मला यात अन्याय दिसत नाही. रोज शाळेत जाणाऱ्या मुलाचा प्रवास ही गरज आहे, दहा दिवसांच्या पाहुण्याचा प्रवास ही हौस आहे. गरज आणि हौस यांना एकच भाव लावणे ही समता नव्हे.

सर्वांत बोलके उदाहरण पार्क ग्वेल या उद्यानाचे. विसाव्या शतकाच्या आरंभी एउसेबी ग्वेल या धनिकाने टेकडीवर श्रीमंतांसाठी ६० घरांची वसाहत काढण्याचे ठरवले आणि काम गाउदीकडे सोपवले. धंदा म्हणून ती योजना पार कोसळली. घरे झाली दोन. १९१४ नंतर काम थांबले, पुढे नगरपालिकेने जागा घेतली आणि १९२६ मध्ये ती सार्वजनिक बाग म्हणून खुली झाली. जवळजवळ नऊ दशके ही बाग सर्वांना मोफत होती. मग विमानप्रवास स्वस्त झाला, गर्दी अनावर झाली, आणि २०१३ च्या ऑक्टोबरपासून मुख्य भागाला तिकीट लागले. स्थानिकांना नोंदणी करून मोफत प्रवेश आहे. बागेच्या आवारातच, जेथे ग्वेल स्वतः राहत असे त्या जुन्या घरात, आज सार्वजनिक शाळा चालते. ही मुले रोज सकाळी दप्तर घेऊन ज्या वाटेने शाळेला जातात, त्याच वाटेवर जगभरचे लोक छायाचित्रे काढीत उभे असतात.

या टेकडीवर ११६ क्रमांकाची एक लहान बस जाते. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना चढ चढावा लागू नये म्हणून ती सुरू झाली. पण मोबाइलमधला नकाशा पर्यटकांना उद्यानाची वाट दाखवताना हीच बस सुचवू लागला आणि स्थानिकांना तीत पाय ठेवायला जागा उरेना. अखेर २०२४ मध्ये नगरपालिकेच्या विनंतीवरून ही बस नकाशाच्या सूचनांतून काढून टाकण्यात आली. भाडे वाढवले नाही, बंदी घातली नाही. केवळ माहिती काढून घेतली आणि आसने मोकळी झाली. बाजारात माहिती ही किमतीइतकीच प्रभावी असते हे आपण पुस्तकात शिकवतो. येथे ते एका बसच्या आसनांवर सिद्ध झाले.

साग्रादा फामिलियाचेही असेच आहे. १८८२ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम देणग्यांवर चालत आले. आज ते मुख्यतः तिकिटांवर चालते. २०२३ मध्ये तेथे ४५ लाखांहून अधिक लोक येऊन गेले. त्याच आवारात गाउदीने १९०९ मध्ये बांधकामावरील मजुरांच्या आणि वस्तीतल्या मुलांसाठी शाळेची एक छोटी इमारत बांधली. छताला आणि भिंतींना लाटांसारखे वळण देऊन पातळ विटांतून, अल्प खर्चात, तीन वर्ग उभे केले. मजुरांच्या पोरांसाठी बांधलेली ही शाळा आता तिकीट काढून पाहावी लागते. दुसऱ्या बाजूने हेही नोंदवले पाहिजे की, गर्दीमुळे शहरावर पडणाऱ्या भाराची भरपाई म्हणून दहा वर्षांत ३ कोटी ६० लाख युरो देण्याचा करार चर्चच्या विश्वस्तांनी २०१८ मध्ये नगरपालिकेशी केला, आणि २०१९ मध्ये त्यांनी बांधकामाचा रीतसर परवानाही घेतला. दुसऱ्यावर पडलेल्या भाराची किंमत ज्याने तो टाकला त्याने मोजावी, या पिगूच्या सिद्धान्ताचे याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

घराचा प्रश्न

इथवर सगळे तिकिटांनी आणि करांनी सुटण्यासारखे आहे. घराचा प्रश्न तसा नाही. मुले बरोबर असली की प्रवाशाचे गणित बदलते. हॉटेलात चौघांना दोन खोल्या घ्याव्या लागतात, सकाळच्या दुधापासून रात्रीच्या भातापर्यंत सारे विकत. त्याऐवजी स्वयंपाकघर असलेली सदनिका आठवड्याने घेतली तर खर्च कमी होतो आणि मुलांना घरचे खाता येते. आम्ही एका साध्या हॉटेलात राहिलो खरे, पण हिशेब केला तेव्हा तो सदनिकेच्या बाजूनेच येत होता. म्हणजे पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचे गिऱ्हाईक केवळ दंगेखोर तरुण नाहीत. मुलाबाळांची सालस कुटुंबेही आहेत. आणि ही सदनिका कोणासाठी बांधलेली असते? तेथल्याच एखाद्या मुलाबाळांच्या कुटुंबासाठी. एका घरात एक कुटुंब आठवडाभर हौसेने राहते म्हणून दुसरे कुटुंब तेथे वर्षानुवर्षे राहू शकत नाही. दोघांच्याही मुलांचे वय तेच.

२०२४ च्या जून महिन्यात महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केले की, शहरातील १०,१०१ पर्यटक-सदनिकांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरनंतर नूतनीकृत होणार नाहीत. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढली असल्याचे त्यांनी त्या वेळी सांगितले. ज्या काताल्युनियाच्या कायद्याचा आधार यासाठी घेतला आहे, तो स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने २०२५ च्या मार्चमध्ये वैध ठरवला. महापौरांच्या घोषणेनंतर पंधरवड्याच्या आत, ६ जुलै २०२४ रोजी, हजारो नागरिकांनी मोर्चा काढला आणि काहींनी उपाहारगृहात बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. ती चित्रे जगभर गेली. मुलांचे खेळणे प्रौढांच्या हातात रागाचे साधन म्हणून आले. हा राग समजण्यासारखा आहे. पण टेबलाशी बसलेल्या एखाद्या मुलाला हे पाणी आपल्यावर का उडाले, ते कसे समजावे?

राग बाजूला ठेवून कारणांचा हिशेब करणे हे अर्थशास्त्राचे काम. बार्सिलोनातील अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, पर्यटकांना अल्पमुदतीने घरे देण्याच्या व्यवहारामुळे सरासरी वस्तीत भाडे सुमारे १.९ टक्के वाढले. जेथे अशा घरांची गर्दी सर्वाधिक, तेथे सुमारे ७ टक्के. ही वाढ नगण्य नाही, विशेषतः जुन्या वस्त्यांतल्या कुटुंबांसाठी. परंतु ६८ टक्क्यांच्या वाढीचे संपूर्ण स्पष्टीकरण ती देऊ शकत नाही. उरलेले कारण अधिक जुने आणि कमी चर्चिलेले आहे. स्पेनमध्ये सार्वजनिक मालकीची भाड्याची घरे एकूण घरांच्या दोन-तीन टक्केच आहेत. मागणी वाढली तेव्हा कुटुंबांना आधार देणारा सार्वजनिक साठाच नव्हता. तेव्हा परवाने रद्द करणे योग्य असले तरी पुरेसे नाही. मोकळी झालेली दहा हजार घरे बाजारातल्या सर्वाधिक भाव देणाऱ्याकडेच गेली, तर पर्यटकाच्या जागी परदेशी कंपनीचा अधिकारी येईल. शाळेजवळ घर शोधणारी परिचारिका येणार नाही.

हा प्रश्न लांबणीवर टाकला तर काय होते ते पाहायचे असेल तर याच समुद्राच्या दुसऱ्या शाखेवरील व्हेनिसकडे पाहावे. व्हेनिसच्या ऐतिहासिक बेटांवर १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०२२ मध्ये ही संख्या ५० हजारांच्या खाली गेली. २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांना तेथे प्रवेशशुल्क द्यावे लागते. चौदा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे. बाहेरच्या मुलांना शुल्क माफ आणि आतली मुले दिवसेंदिवस कमी, अशी ही अवस्था. स्पेनमध्ये आधीच एका स्त्रीमागे सरासरी जन्म १.१ च्या आसपास आहेत. त्यात घरेही परवडेनाशी झाली, तर शहरात घसरगुंड्या राहतील आणि त्यांवर पाहुण्यांचीच मुले घसरतील.

शाळेच्या दाराशी

बार्सिलोना यावर काय करीत आहे? २०१५ मध्ये तेथील ३९ शाळांतील सात ते दहा वर्षांच्या सुमारे २,७०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हवेचे प्रदूषण अधिक असलेल्या शाळांत मुलांच्या कार्यकारी स्मरणशक्तीची वर्षभरातली वाढ ७.४ टक्के, तर स्वच्छ हवेच्या शाळांत ११.५ टक्के आढळली. मानवी भांडवल हा शब्द आपण अर्थशास्त्रज्ञ फार सैलपणे वापरतो. येथे त्याची झीज मोटारींच्या धुरापर्यंत मोजून दाखवली होती. २०१६ पासून काही चौरस एकत्र करून त्यांच्या आतील रस्त्यांवरची धावती वाहतूक बंद करण्याचा प्रयोग सुरू झाला. २०२० पासून शाळांसमोरचे रस्ते अरुंद करून तेथे बाक, झाडे आणि खेळ आणले गेले. २०२१ पासून मुलांचे तांडे सायकलवरून, पालक पुढे-मागे ठेवून, भर रस्त्यातून शाळेला जाऊ लागले. व्यापाऱ्यांनी विरोध केला, काही जण न्यायालयात गेले. आणि जेथे रस्ता सुंदर झाला तेथे भाडी वाढली अशीही तक्रार आहे. हे परिणाम खरे आहेत. पण वाहनांना दिलेली जागा ही नैसर्गिक नसून तीही एक वाटणीच होती, आणि वाटणी पुन्हा करता येते, हे या शहराने दाखवले.

जुन्या गावात सान्त फेलिप नेरी नावाचा एक लहानसा चौक आहे. ३० जानेवारी १९३८ रोजी, यादवी युद्धात, फ्रांकोच्या बाजूने लढणाऱ्या इटालियन विमानांनी येथे बाँब टाकले. चर्चच्या तळघरात आसरा घेतलेली मुले ढिगाऱ्याखाली सापडली. ४२ माणसे मेली, त्यांत बहुसंख्य मुले होती. चर्चच्या भिंतीवर त्या स्फोटांचे वण आजही आहेत. याच चौकाला लागून शाळा आहे आणि मधल्या सुट्टीत मुले येथेच चेंडू खेळतात. कन्येने भिंतीतल्या खड्ड्यांविषयी विचारले आणि आम्ही ते सांगितले. मुलगा तोवर एका खांबामागे लपाछपी खेळू लागला होता. अशा जागेचे स्मारक करून तिच्याभोवती साखळी बांधणे सोपे होते. ती शाळेच्या मुलांना खेळायला राहू दिली, यातच तिचा खरा सन्मान आहे असे मला वाटते.

सर्वांत वरच्या थरावरचे मूल

मराठी माणसाला बार्सिलोनात आपलेपणा वाटावा अशी एक गोष्ट आहे ती म्हणजे 'कास्तेल', अर्थात माणसांचे थर. एका रविवारी एका चौकात आम्ही ते पाहिले आणि मुलांना एकदम गोविंदा आठवला. खाली शेकडो माणसांचा घट्ट पाया, वर चढत जाणारे थर, आणि सर्वांच्या माथ्यावर सहा ते दहा वर्षांचे एक मूल. ते वर जाऊन हात उंचावते, आणि मगच थर पुरा झाला असे मानतात. फरक एवढाच की येथे हंडी नाही आणि ती फोडायची नाही. उतरणे हाही तितकाच महत्त्वाचा भाग आहे, सुखरूप खाली आल्याशिवाय थर पूर्ण यशस्वी म्हणत नाहीत. युनेस्कोने २०१० मध्ये या परंपरेला मानवतेचा वारसा म्हणून मान्यता दिली.

मुलाला वर चढवावे की नाही, हा वाद दोन्हीकडे झाला. मातारो येथे २००६ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर वरच्या थरांवरील मुलांच्या डोक्यावर खास बनवलेली शिरस्त्राणे आली. आपल्याकडे २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लागले, उंचीची आणि बक्षिसांची चढाओढ वाढली, आणि २०१७ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना थरांत भाग घेऊ न देण्याची भूमिका राज्य शासनाने उच्च न्यायालयात मांडली, ती मान्य झाली. काताल्युनियात मूल वरच राहिले, पण त्याच्याखालची व्यवस्था बदलली: वर्षभर सराव, शिरस्त्राण, पडणाऱ्याला झेलणारा माणसांचा पाया. रोख बक्षिसांची मोठी स्पर्धा तेथेही तारागोना येथे दर दोन वर्षांनी होते; परंतु वर्षभरातले बहुतेक थर स्पर्धेवाचून, गावाच्या उत्सवासाठी लागतात. आपला निर्णय आपल्या परिस्थितीत योग्यच होता. जेथे पाया सांभाळण्याची यंत्रणा नाही तेथे मुलाला वर चढवणे हा गुन्हाच. तरीही मुलांना धोक्यातून काढण्याचे दोन मार्ग असतात, मुलाला हटवणे किंवा धोका हटवणे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या शहरांतही आपण बहुधा पहिलाच मार्ग निवडतो. रस्ता धोक्याचा झाला की मुलाला घरात बसवतो. मैदान गेले की शिकवणीला घालतो. पुण्या-मुंबईच्या विकास आराखड्यांत बागांसाठी आणि खेळाच्या मैदानांसाठी राखलेल्या भूखंडांचे पुढे काय होते, ते सेर्दाच्या चौरसांची कथा वाचताना कोणालाही आठवेल. गोव्यात पर्यटकांसाठी दिल्या जाणाऱ्या घरांनी स्थानिकांच्या भाड्यांवर आणलेला ताण बार्सिलोनाहून फार वेगळा नाही. फरक आहे तो एवढाच की, बार्सिलोनाने गमावलेले अंगण तब्बल शंभर वर्षांनी परत मिळवायला सुरुवात केली, आणि आपण अजून गमावण्याच्याच टप्प्यावर आहोत.

परत मिळवण्याचा खर्च राखण्याच्या खर्चापेक्षा नेहमीच अधिक असतो. शाळांची पटांगणे सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या मुलांना उघडी ठेवणे, शाळेसमोरचा शंभर मीटर रस्ता सकाळ-संध्याकाळ वाहनांना बंद करणे, महापालिकेच्या संग्रहालयांत मुलांना तिकीट न आकारणे आणि चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचा नळ चालू ठेवणे, यांतील एकाही गोष्टीसाठी ऑलिंपिक सामन्यांची वाट पाहावी लागत नाही. पर्यटनावर जगणाऱ्या गावांनी तर हे आधी करावे. जे गाव स्वतःच्या मुलांना धरून ठेवते तेच पाहुण्यांनाही काही दाखवू शकते; मुले निघून गेल्यावर उरतो तो नुसता देखावा, आणि देखाव्याला भाव असला तरी तेथे नगर म्हणावे असे काही शिल्लक राहत नाही. महापालिकांच्या येत्या अंदाजपत्रकांवर चर्चा होईल तेव्हा उड्डाणपुलांच्या रकमांबरोबर या चार बाबींच्या रकमाही नगरसेवकांना विचाराव्यात. त्या फार लहान असतील. पण एखादे शहर कोणासाठी चालवले जाते याचे उत्तर त्यांतच सापडेल.